टायफॉइड नव्हे, टायफस : आपल्याच जिल्ह्यातल्या एका विसरलेल्या तापाचा इतिहास

पावसाळा सरता सरता आपल्याकडे तापाचे पेशंट वाढतात. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर, जुन्नर, भाद्रपद-आश्विनात कुठल्याही दवाखान्यात जा, बाहेरची बाकडी भरलेली असतात. सकाळी रक्त काढतात, संध्याकाळी रिपोर्ट येतो आणि घरी फोन जातो, "टायफॉइड निघालाय, सलाईन लावलंय." हे वाक्य कानाला इतकं सवयीचं झालंय की त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. 'विडाल पॉझिटिव्ह' हे शब्द तर शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत.

आज लिहायचंय ते टायफॉइडबद्दल नाही. त्याच्या नावाआड लपून बसणाऱ्या, नावावरून त्याचा भाऊच वाटावा अशा दुसऱ्या तापाबद्दल लिहायचंय. टायफस. मी डॉक्टर नाही. जुने कागद, गॅझेटियर, शोधनिबंध वाचायचा नाद आहे, एवढंच. पण या तापाचं वाचता वाचता एका शोधनिबंधाच्या मथळ्यातच 'पुणे जिल्हा' असं छापलेलं दिसलं आणि मी थबकलो. पोस्ट मोठी झालीय. सवडीनं वाचा, पण वाचा.

सुरुवात गोठ्यापासून करू. संकरित गाईला ताप चढला, तिनं वैरण सोडली, दूध आटलं, की आपल्या भागातली कुठलीही बाई सांगेल, "गोचीड ताप असंल, डॉक्टरला बोलवा." थायलेरिया, बबेसिया ही नावंसुद्धा दुधाच्या धंद्यामुळं आपल्या ओळखीची झालीत. महागडं इंजेक्शन असलं तरी उसनवारी करून आपण ते देतो. गोचीड चावून गाईला ताप येतो, यावर वाद नाही. मग त्याच गोठ्यात रोज धारा काढणाऱ्या माणसाला येत नसेल?

येतो. जंतू वेगळा, पण येतो. त्याचं शास्त्रीय नाव 'इंडियन टिक टायफस', म्हणजे सरळ भाषेत माणसाचा गोचीड ताप. जंतूचं नाव रिकेट्सिया कोनोरी, आणि आपल्याकडच्या उपजातीला 'इंडिका' म्हणतात. मुख्य वाहक कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड. आता कुत्रं कुठं नाही ते सांगा. बिबट्याच्या भीतीनं मळ्यातल्या प्रत्येक वस्तीवर दोन-दोन आहेत. ऊसतोडीच्या कोप्यांवर आहेत, मेंढरांच्या वाड्यावर आहेत. पोरं त्यांच्या गळ्यात पडून खेळतात, बोटांनी गोचिड्या काढून नखावर चिरडतात. (हे चिरडणंही धोक्याचं. चिरडलेल्या गोचिडीतला जंतू बोटावरच्या जखमेतून किंवा डोळ्यातून आत जाऊ शकतो.)

आता नावाची गंमत. 'टायफस' हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ धूर किंवा धुकं. तापात माणसाचं भान धुरकटतं, तो बरळायला लागतो, म्हणून हे नाव. मराठीत आपण 'प्रलापक सन्निपात ज्वर' असं भारदस्त नाव करून ठेवलंय, ते ज्ञानकोशांच्या बाहेर कधी आलं नाही. एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोप-अमेरिकेतही असले सगळे ताप एकाच गाठोड्यात बांधलेले होते. १८३७ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम गेरहार्ड या डॉक्टरनं मेलेल्या रोग्यांची शवविच्छेदनं ताडून दाखवलं की हे दोन वेगळे आजार आहेत. एकात आतड्यात व्रण सापडतात, दुसऱ्यात आतडं स्वच्छ. आतड्यातल्या आजाराला नाव पडलं टायफॉइड. 'टायफॉइड' म्हणजे 'टायफससारखा'! म्हणजे ज्याच्यावरून नाव घेतलं तो मूळ पुरुष विसरला गेला आणि त्याच्या नावानं ओळखला जाणारा गावभर फिरतोय.

मग टायफस आतड्यात नसतो तर कुठं असतो? याचं उत्तर मिळायला आणखी सत्तर-ऐंशी वर्षं गेली, आणि त्यात माणसं मेली.

१९०६ मध्ये हॉवर्ड रिकेट्स या अमेरिकन संशोधकानं दाखवलं की रॉकी पर्वतातला पुरळाचा ताप गोचिडीमार्फत पसरतो. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशनचे लोक उंदराच्या पिसवांचे प्रयोग करत होते तेही याच सुमाराला, त्यामुळं चावणारा किडा रोग पसरवतो ही गोष्ट तेव्हा जगभर नव्यानं कळत होती. रिकेट्स पुढं मेक्सिकोत टायफसचा अभ्यास करायला गेला आणि १९१० मध्ये टायफसनंच गेला. युरोपात प्रोवाझेक नावाचा शास्त्रज्ञ १९१५ मध्ये तसाच गेला. त्याचा ब्राझिलियन सहकारी दा रोशा लिमा, हाही आजारी पडला होता पण वाचला. १९१६ मध्ये त्यानं या जंतूचं नाव ठेवलं रिकेट्सिया प्रोवाझेकी. दोघा मेलेल्यांची नावं एका जंतूला.

जंतू बसतो कुठं, याचं चित्र एव्हाना स्पष्ट व्हायला लागलं होतं. १९१४ मध्ये जर्मनीत ऑयगेन फ्रेंकेलनं टायफसच्या रोग्याच्या पुरळाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांभोवती सुजेच्या गाठी. १९१९ मध्ये हार्वर्डच्या बर्ट वोल्बाखनं रॉकी पर्वतातल्या तापाचे जंतू प्रत्यक्ष रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींमध्ये दाखवून दिले. थोडक्यात, हा आजार रक्ताचा म्हणण्यापेक्षा रक्त वाहून नेणाऱ्या नळ्यांचा.

हे अस्तर काय प्रकार आहे ते आपल्या भागातल्या माणसाला समजावणं सोपं आहे, कारण आपण कुकडी प्रकल्पातली माणसं. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे, पाच धरणं आणि त्यांचे कालवे. कालव्याचं अस्तर फुटलं की काय होतं? पाणी पाझरतं, शेजारचं रान चिबड होतं आणि टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही. दोन्ही नुकसानं एकाच वेळी. रक्तवाहिनीच्या आतून एका पेशीइतक्या जाडीचं अस्तर असतं, त्याला एंडोथेलियम म्हणतात (हे नाव १८६५ मध्ये विल्हेल्म हिस या स्विस शास्त्रज्ञानं दिलं). रिकेट्सिया नेमका या पेशीत शिरतो, तिथं वाढतो, एका पेशीची भिंत ढकलून शेजारच्या पेशीत घुसतो. पेशी सुजतात, त्यांच्या फटी उघडतात, रक्तातलं पाणी बाहेर पाझरतं. फुफ्फुसात पाझरलं तर धाप, मेंदूत सूज आली तर झटके आणि बरळणं. तिकडं नळीत पाणी कमी म्हणून बीपी पडतं, लघवी कमी होते. जखमी अस्तरावर प्लेटलेट खर्ची पडतात, त्यामुळं रिपोर्टमध्ये प्लेटलेट घसरलेल्या दिसतात आणि सगळे म्हणतात डेंगी. आणि टेलला पाणी न पोचण्याचा प्रकार म्हणजे बोटांची टोकं, कानाच्या पाळ्या काळ्या पडणं. हे शेवटचं सगळ्यांना होत नाही, पण झालं तर पोराचं बोट जातं.

भारतात हा ताप पहिल्यांदा ठळकपणे मांडला जे. डब्ल्यू. डी. मेगॉ या इंग्रज सरकारच्या वैद्यकीय सेवेतल्या अधिकाऱ्यानं. कुमाऊंच्या डोंगरात त्याला स्वतःला गोचीड चावली, ताप आला, पुरळ आलं. १९२१ मध्ये त्यानं 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये लिहिलं की भारतात टायफससारखा एक ताप आहे आणि तो बहुधा गोचिडीमुळं होतो. गोऱ्या साहेबाला चावली म्हणून निबंध झाला. डोंगरातल्या गुराख्यांना ती त्याआधी किती पिढ्या चावत होती, त्याची नोंद कोण ठेवणार?

आता पुण्यात येऊ. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, यांनी मिळून पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढलं. हेच १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, आपण ज्याला एनआयव्ही म्हणतो. कोविडमध्ये रोज नाव ऐकलं ती संस्था. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात जंगलात माकडं मरायला लागली, पाठोपाठ माणसं. पुण्याची माणसं तिथं गेली आणि त्यांनी गोचिडीतून पसरणारा नवा विषाणू शोधून काढला, क्यासनूर जंगल आजार. (हाच पुढं २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गला आला.) या कामामुळं पुण्याच्या संस्थेत गोचिडी जाणणारी माणसं तयार झाली. कुठली गोचीड कुठल्या जनावरावर, कुठल्या महिन्यात, किती, हे सगळं रानात चादरी ओढून, उंदीर पकडून गोळा करायचं काम. विषाणूंची संस्था असून रिकेट्सियासारख्या जीवाणूपर्यंत ती कशी पोचली, याचं कारण मला यातच दिसतं. गोचीड हातात असली की तिच्यात काय काय आहे हे बघावंसं वाटणारच.

आणि मग तो निबंध. १९८४, 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ झूनोसेस'. व्ही. एस. पद्बिद्री आणि त्यांचे सहकारी. मथळ्याचा अर्थ : महाराष्ट्रातील पुणे जिल्ह्यातले गोचीडजन्य रिकेट्सियाचे आजार. हे पद्बिद्री म्हणजे १९७३ च्या बार्शीच्या चिकुनगुनिया साथीचा अभ्यास छापणारे संशोधक. चिकुनगुनिया हे नाव आपल्याला २००६ मध्ये कळलं, तेव्हा 'नवीनच काहीतरी आलंय' म्हणून आपण घाबरलो होतो. बार्शीत ते तेहतीस वर्षं आधी येऊन गेलेलं होतं आणि लिहूनही ठेवलेलं होतं. गोचीड तापाचं तेच. चाळीस वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या नावानिशी छापून आलेली गोष्ट, ती नाशिक रस्त्यानं साठ किलोमीटरवरच्या मंचरपर्यंत आली का?

माझ्या बघण्यातलं एक सांगतो. पूर्व भागातल्या आमच्या ओळखीच्या घरातला मुलगा, वय नऊ. पाच दिवस ताप, विडाल पॉझिटिव्ह, टायफॉइडचं म्हणून सलाईनमधून रोज दोन वेळा इंजेक्शन. ताप हलेना. सहाव्या दिवशी अंगावर लाल ठिपके, घरचे म्हणाले गोवर. सातव्या दिवशी पोरगं गुंगीत गेलं, तेव्हा पुण्याला हलवलं. मी सोबत होतो. तिथल्या वयस्कर डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली, पोराचे मोजे काढले आणि तळपाय पाहिले. मग तळहात. ठिपके तिथंही होते. त्यांनी विचारलं, "घरी कुत्रं आहे का?" एवढंच. डॉक्सिसायक्लिन सुरू झालं आणि दोन दिवसांत ताप उतरला. ते औषध आपल्या गावातल्या मेडिकलमध्येही मिळतं, गोळी काही रुपयांची.

यात गावच्या डॉक्टरला शिव्या घालण्यात अर्थ नाही. विडाल ही १८९६ ची तपासणी आहे, आणि टायफॉइड जिथं कायम असतो अशा भागात एकदाच केलेली विडाल फारसं काही सिद्ध करत नाही. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. पण ती स्वस्त आहे, तासाभरात होते आणि पेशंटला कागद हवा असतो. खरा घोळ पुढं होतो. टायफॉइडसाठी जी इंजेक्शनं देतात ती बहुतेक जंतूच्या भिंतीवर मारा करणारी, पेशीच्या बाहेर काम करणारी. रिकेट्सिया तर आपल्याच पेशीच्या आत बसलेला. त्याच्यावर त्यांचा उपयोग होत नाही. म्हणजे चुकीचं नाव पडलं की चुकीचं औषध, आणि मधले पाच-सात दिवस अस्तर पोखरलं जातंय. या आजारात तेच दिवस सगळं ठरवतात.

विसर पडण्यामागंही इतिहास आहे. १९४८ मध्ये दोन औषधं आली. एक क्लोरॅम्फेनिकॉल, जे त्याच वर्षी मलायात स्क्रब टायफसवर गुणकारी ठरलं. दुसरं ऑरिओमायसिन, टेट्रासायक्लिन घराण्यातलं पहिलं औषध. ते निघालं अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत, जिथं संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव. पुढं कित्येक वर्षं आपल्याकडे कुठल्याही तापाला टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल सर्रास दिल्या जायच्या, जुन्या माणसांना त्या आठवत असतील. त्या काळात हा ताप नाव न कळताच बरा होत असणार. नंतर नवी, महाग अँटिबायोटिक्स आली, टेट्रासायक्लिन मागं पडलं. लहान मुलांचे दात पिवळे पडतात ही भीतीही होती (डॉक्सिसायक्लिनच्या छोट्या कोर्सनं तसं होत नाही, हे आता मान्य झालंय). औषध गेलं आणि आजार पुन्हा वर आला, तोवर त्याला ओळखणारी डॉक्टरांची पिढीही निवृत्त झाली होती. निदान मला तरी यातली संगती अशी लागते.

बाकी ठिकाणी जाग आली ती मोठी किंमत मोजून. गोरखपूरला दर पावसाळ्यात मेंदूज्वरानं शेकडो मुलं दगावायची. वर्षानुवर्षं सगळा दोष जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवर होता. गेल्या दशकात तपासलं तर त्यात मोठा वाटा स्क्रब टायफसचा निघाला. हा गवतातल्या अगदी बारीक किड्याच्या अळीतून होणारा याच घराण्यातला आजार. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरकडे त्याचा उद्रेक झाला, तेव्हा मराठी पेपरांतून 'स्क्रब टायफस' हे नाव लोकांना कळलं. त्याआधी २०११ मध्ये अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि सहकाऱ्यांनी पुरळाच्या या तापासाठी गुणतक्ता तयार करून छापला होता. लक्षणं आणि साध्या तपासण्यांना गुण द्यायचे, बेरीज करायची, ठरावीक आकड्यावर गेली तर मोठ्या तपासणीची वाट न बघता संशय धरायचा. अकोल्यात बसून एक डॉक्टर हे करतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. २०१५ मध्ये आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचनांनीही हेच सांगितलं : संशय असेल तर रिपोर्टसाठी थांबू नका, डॉक्सिसायक्लिन सुरू करा.

आता पीएचडीवाल्यांबद्दल. कोविडनंतर रक्तवाहिनीचं अस्तर, त्यातला संसर्ग, सूज, गुठळ्या हा जगभर संशोधनाचा मोठा विषय झालाय. आपल्याही भागातली पोरंपोरी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञानात पीएचडी करतायत, काही जण ही पोस्ट वाचत असतील. विद्यापीठात मान्य झालेले प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर ठेवायचे असतात. कुणीही उघडून वाचावेत. पण विज्ञानाचे जवळपास सगळे इंग्रजीत. चार-पाच वर्षं सरकारी फेलोशिपवर केलेल्या कामाचा दोन पानांचा मराठी सारांश लिहायला कुणी सांगत नाही, कुणी मागत नाही. लिहिणाऱ्याला त्याचे गुणही मिळत नाहीत. गाईच्या गोचीड तापाची माहिती आपल्यापर्यंत पोचली, कारण तिथं दूध संघाचं दुधाचं गणित आहे. माणसाच्या गोचीड तापात तसं गणित कुणाचंच नाही.

म्हणून माझं म्हणणं स्थानिक आहे. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी आणि पंचायत समितीनं येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अकोल्याचा तो गुणतक्ता मराठी टिपणीसह लावावा. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात स्क्रब टायफसची आणि रिकेट्सियाची एलायझा तपासणी कुठं पाठवतात, किती दिवसांत येते, किती नमुने गेले, हे जाहीर करावं. आकडा शून्य असेल तर शून्य सांगावा. शून्य म्हणजे आजार नाही असा अर्थ काढायचा नाही, शोधला नाही असाही निघतो. मी माहितीच्या अधिकारात अर्ज तयार करतोय, सोबत सही करायची असेल त्यांनी निरोप द्या.

घरी एवढं पाळा. गोचीड अंगाला चिकटली तर रॉकेल, काडीचा चटका असले प्रकार नकोत. चिमट्यानं कातडीला टेकून धरा, सरळ वर ओढा, हात साबणानं धुवा. ताप आल्यावर डॉक्टरांना आपणहून सांगा : घरी कुत्रं आहे, गवत कापायला गेलो होतो, मेंढरांत असतो. ठिपके असतील तर तळहात-तळपाय दाखवा. काखेत, जांघेत, कमरेच्या घडीत काळी खपली दिसते का ते घरच्यांना बघायला सांगा, स्क्रब टायफसमध्ये ती बऱ्याचदा सापडते आणि दुखत नसल्यानं पेशंटला कळत नाही. औषध मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आणि एक विनंती, खास जुन्या मंडळींना. १९७०-८० च्या काळात व्हायरस सेंटरची माणसं आपल्या जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्या गावात, भीमाशंकरच्या बाजूला किंवा अणे-बेल्ह्याकडे, उंदीर पकडायला, कुत्र्या-मेंढरांच्या गोचिड्या गोळा करायला, रक्ताचे नमुने घ्यायला आल्याचं कुणाला आठवतंय का? कुणाच्या घरी उतरली होती, कुठं पिंजरे लावले होते, काही फोटो, काही कागद? आठवत असेल तर गावाचं नाव आणि साधारण वर्ष लिहून कळवा. त्या सर्वेक्षणात आपली गावं होती की नव्हती, ते मला शोधायचंय.